सिलेंडरमधील उष्णतावहन: स्थिरांकाला हात लावण्याआधी

या विषयात नवा आलेला जवळजवळ प्रत्येक जण वायूकडून सिलेंडरच्या भिंतीला किती उष्णता जाते हे सांगणाऱ्या वोश्नी यांच्या १९६७च्या सूत्राकडे थेट धावतो आणि आकडे जुळेनात की त्यातले स्थिरांक बदलू लागतो. खोट बहुतेक वेळा मोजमापात असते. म्हणून आधी टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो तो कोन, तपासा.

इंधन बंद ठेवून इंजिन बाहेरून मोटरने फिरवा. दाबाचे शिखर टीडीसीच्या किंचित आधी, साधारण ०.५ ते १ अंश, यायला हवे; दाबलेली हवा भिंतींना उष्णता देते, थोडी रिंगांवाटे निसटते. शिखर टीडीसीनंतर दिसले, तर एन्कोडर (क्रँकचा कोन मोजणारे उपकरण) बहुधा सरकलेला आहे. एका अंशाची चूकही उष्णतामुक्तीचा सारा आलेख बिघडवते.

मग एकके. सूत्रातला ३.२६ हा गुणक दाब किलोपास्कलमध्ये आणि बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) मीटरमध्ये असेल तरच चालतो. पास्कल घातले तर उत्तर सुमारे २५० पट फुगते, बार घातला तर ४० पट आटते.

एक बिंदू हाताने सोडवाच. बोअर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८६ मिमी, मिनिटाला २००० फेरे, म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ५.७ मीटर. त्याला सूत्रातल्या २.२८ या स्थिरांकाने गुणले की १३, हे पिस्टनचे पद. ज्वलनाचा दाब ५००० किलोपास्कल आणि त्याच कोनात बिनज्वलनाचा २००० धरला, तर ज्वलनाचे पद, म्हणजे ज्वलनामुळे वायूच्या वेगात पडणारी भर, सेकंदाला आणखी सुमारे ३१ मीटर घालते. वायू २२०० केल्विनला असेल, तर उष्णतावहनाचा गुणांक दर चौरस मीटर, दर केल्विन १४५० वॉटच्या आसपास येतो. ४५० केल्विनच्या भिंतीवर हा उष्णतेचा प्रवाह चौरस मीटरला अडीच मेगावॉट झाला. ज्वलनाचे पद पिस्टनच्या पदाच्या दुपटीहून मोठे आहे, हे इथे डोळ्यांना दिसते. बिनज्वलनाच्या फेरीत ते शून्य असते, म्हणून २.२८ तिथेच जुळवा, ज्वलनाचा स्थिरांक नंतर.

भिंतीत बसवलेला पृष्ठभाग थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) फार नाजूक गोष्ट आहे. धातूच्या पृष्ठभागाचे तापमान एका चक्रात काही अंशच हलते आणि मिलिमीटरभर आत ते हेलकावे जवळपास विरतात. डिझेलमध्ये सेन्सरवर काजळी साचली, की ती उष्णतारोधक पापुद्रा होते. मोजलेला प्रवाह तासागणिक घसरत जातो आणि इंजिन थंड होतेय असा भास होतो. प्रत्येक चाचणीआधी ठरावीक वेगाला बिनज्वलनाची एक फेरी घ्या, कालच्या आलेखावर ठेवून पाहा; शिखर खाली गेले असेल तर सेन्सर काढून पुसा.