हँडबॉलवाल्यांनो, राऊंड कमी करा आणि १५-१५ धावा

आपल्याकडं बेळगाव-खानापूर भागात स्टॅमिना म्हटलं की शिट्टी वाजते आणि पोरं ग्राउंडचे राऊंड मारायला लागतात. मला हे अजिबात पटत नाही, कारण हँडबॉलमध्ये एका लयीत पळतंय कोण? ३० मिनिटांच्या दोन हाफमध्ये सुसाट पळ, थांब, धक्का खा, उडी मार, परत डिफेन्सला मागं पळ, हेच चालतं, मग सराव पण तसाच पाहिजे.

कोर्ट ४० बाय २० मीटरचं, तेच आपलं माप. १०-१५ मिनिटं वॉर्मअप, खांदे नीट मोकळे करायचे. मग १५-१५, म्हणजे १५ सेकंद पळायचं आणि १५ सेकंद थांबायचं: एका गोललाईनवरून सुटायचं, समोरच्या लाईनला पाय लावून सेंटर लाईनला यायचं, झाले ६० मीटर, तेही १५ सेकंदात. १५ सेकंद थांबायचं, पुढची फेरी सेंटरवरून कुठल्याही एका गोललाईनला आणि तिथनं पार पलीकडचं टोक, अंतर तेवढंच. असं ६ मिनिटं, मग ३-४ मिनिटं चालायचं, परत ६ मिनिटं. नवीन पोरांना ५० मीटर बस्स. दुसऱ्या ६ मिनिटांत पोरगं गप्पा मारत असलं तर अंतर वाढवा, शेवटच्या फेऱ्या अर्ध्यावरच राहायला लागल्या तर कमी करा, ओरडून काय होत नाही. फ्रान्सचे क्रीडाशास्त्रज्ञ मार्टिन बुशाईट यांची ३०-१५ टेस्ट (३० सेकंद पळ, १५ सेकंद थांब, वेग वाढत जातो) पण ४० मीटरवरच होते, ती घेतली तर प्रत्येकाचा वेग बरोबर कळतो.

आठवड्यात दोनदा पुरे, मधे ४८ तास सोडा. मॅचच्या आदल्या दिवशी तर नकोच.

आता ताकद. नुसतं पळून थ्रो जोरात जात नाही बघा. तालमीतले जोर-बैठका सगळ्यांना येतातच, त्या घाला, पण शंभर-शंभर सावकाश घालण्यापेक्षा ५-६ झटक्यात, मधे पुरती विश्रांती घेऊन, जोडीला पुलअप्स आणि २-३ किलोचा मेडिसिन बॉल डोक्यावरून फेकणं. पळणं त्याच दिवशी असेल तर ताकदीचं आधी. जंपशॉटनंतर खाली येताना गुडघा आत वळतोय का ते रोज बघा, मुलींच्या टीमला तर जास्तच, कारण लिगामेंट तुटण्याचा धोका त्यांना जास्त असतो.

पावसाळ्यात लाल मातीचा चिखल झाला की तिथं वळायला लावू नका, पाय घसरला की सीझन गेला. शाळेच्या व्हरांड्यात स्टेप-अप आणि बर्पी (खाली बसून पाय मागं, परत उठून उडी), २० सेकंद जोरात, १० सेकंद थांबा, ८ वेळा, फरशी कोरडी बघून. कुणाला चक्कर आली, छातीत दुखलं तर तिथंच थांबवून डॉक्टरला दाखवा.