उन्हाळी सूर्यफुलाला डीएपी नको, सुपर फॉस्फेट घ्या

उन्हाळी सूर्यफूल फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पेरून व्हायला हवं. या घाईत दुकानात जे मिळेल ते खत घरी येतं, बहुतेक वेळा डीएपी. त्यात नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) आहे, गंधक नाही. आणि दाण्यात तेल भरायला गंधक लागतंच.

बागायती पिकाची शिफारस हेक्टरी ६० किलो नत्र, ३० स्फुरद, ३० पालाश (पोटॅश) अशी आहे. एकराचा हिशेब सांगतो: सिंगल सुपर फॉस्फेट दीड गोणी (७५ किलो), म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो, युरिया ५२ किलो. एवढ्या सुपरमधून ८ किलोच्या आसपास गंधक आपोआप पडतं, एकरी तेवढंच पुरे. वेगळी गोणी आणायला नको, म्हणून माझा आग्रह सुपरचाच. माती परीक्षण केलं असेल तर मात्रा त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

सुपर, पोटॅश आणि निम्मा युरिया पेरणीबरोबर, दोन चाड्यांच्या पाभरीने (एका चाड्यातून बियाणं, दुसऱ्यातून खत). खत बियाण्याच्या खाली आणि थोडं बाजूला पडू द्या. बियाण्याला लागलं तर उगवण मार खाते. स्फुरद वरून फोकू नका. ते जिथे पडतं तिथेच राहतं, चुनखडीच्या रानात तर जखडूनच बसतं.

उरलेला युरिया महिनाभराने, खुरपणी झाल्यावर, ओलीवर. त्यानंतर हात आवरा. पीक काळंभोर दिसावं म्हणून आणखी युरिया टाकला की दाण्यात प्रथिनं वाढतात आणि तेल घटतं. झाड लुसलुशीत होतं, मावा-तुडतुडे येतात, वादळी वाऱ्यात ते लोळतं. खोड ताठ राहायला आणि दाणा भरायला पोटॅश हवं. नेमकं तेच आपण पैसे वाचवायला गाळतो.

फुलाच्या मधोमध दाणे पोचट राहतात, त्यामागे बोरॉनची कमतरता असू शकते. कडेच्या पिवळ्या पाकळ्या उमलू लागल्या की लिटरला २ ग्रॅम बोरॅक्स फवारा. बोरॅक्स आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून घ्या, आणि मात्रा वाढवू नका, जादा बोरॉन पिकाला बाधतं. पोचट दाण्यांचं दुसरं कारण अपुरं परागीभवन. सकाळी मधमाश्या फुलांवर असतात, म्हणून फवारणीचा पंप दुपारी चारनंतरच काढा, आणि फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा.