जुन्या ट्रकच्या छताला सळ्यांवरचं अस्तर कसं लावावं

‘कुठल्याही केबिनला बसतं’ म्हणून मिळणारं तयार अस्तर घेऊ नका. जुन्या ट्रकची बहुतेक वेळा नुसती चासी कारखान्यातून यायची आणि केबिन बॉडीवाला बांधायचा. एकाच सालच्या दोन टाटा-मर्सिडीजची छतं जुळतील याचा भरवसा नाही. तुमचं फाटकं अस्तर हाच खरा नमुना. ते उसवून त्यावरून रेक्झिन कापा, चारी बाजूंना तीन इंच जास्त ठेवून.

छताखाली आडव्या बसवलेल्या ज्या सळ्यांवर अस्तर टांगतात, त्या काढतानाच त्यांना पुढून मागे क्रमांक घाला. प्रत्येकीचा बाक वेगळा असतो. काचांची रबरं काढा, गंज घासा, गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात मारा.

आता नेफा. परकराला नाडीसाठी असतो तसा नेफा अस्तराच्या पाठीवर सळीसाठी शिवलेला असतो, आणि सगळं काम त्याच्या दोन टोकांवर अडतं. तो काठापर्यंत ठेवला तर सळी वळते तिथे कापड धरून ठेवतो आणि दरवाजावर चुण्या पडतात. कितीही ओढा, जात नाहीत. पहिल्या गाडीला मी एका कुशनवाल्याचं ऐकून दोन्ही टोकांना सहा-सहा इंच नेफा एकदम कापला. अस्तर सळीवरून सुटून लोंबलं, सगळं रेक्झिन फुकट गेलं. तेव्हापासून माझी पद्धत एकच. मधल्या सळीपासून अस्तर टांगायचं, पुढे-मागे मध्यावर क्लिपांनी ताणायचं, मग बाजूला ओढून बघायचं. चुणी दिसेल तिथे नेफा अर्धा इंच कापायचा. पुन्हा ओढायचं, पुन्हा अर्धा इंच. कात्री फक्त नेफ्याला लागली पाहिजे, रेक्झिनला नाही. अख्खी दुपार जाते, जाऊ द्या. क्लिपांवरच छत ताठ झाल्याशिवाय चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा उघडू नका.

सोल्यूशन रबराचंच हवं. सुताराचा पांढरा गोंद पत्र्याला धरत नाही. पत्रा आणि रेक्झिन दोन्हीला पातळ लावा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. दारं उघडी, जवळपास विडी नको. आणि मृग लागल्यावर खानापूरकडे हे काम काढूच नका. हवेतली ओल सोल्यूशनवर बसते, ते पांढुरकं पडतं आणि पकड घेत नाही. मार्च-एप्रिलात करा, रेक्झिन तासभर उन्हात टाकून मऊ झालं की.

आधी पुढचा मध्य, मग मागचा, मग बाजू, कोपरे शेवटी. जास्तीचा काठ कापून रबरं बसवा.