मेझची रेषा मिट्रलच्या कड्याला टेकली पाहिजे

लांजा-गुहागरकडचा रुमॅटिक मिट्रलचा (सांधेतापाने डाव्या दोन कप्प्यांमधली झडप खराब झालेला) पेशंट टेबलावर येतो तोवर बहुतेकदा उशीर झालेला असतो. डावं एट्रियम (वरचा कप्पा) फुगलेलं, एएफ (एट्रियमची अनियमित थरथर) जुना, कधी अपेंडेजमध्ये (एट्रियमच्या पिशवीसारख्या टोकात) गुठळी. झडप बदलून हा एएफ आपोआप जात नाही. एट्रियम उघडणारच आहात, तर मेझ (एट्रियमच्या भिंतीत वीज अडवणाऱ्या व्रणाच्या रेषा मारणं) त्याच बैठकीत करा.

अमेरिकन सर्जन कॉक्स यांनी १९८७ मध्ये कापून-शिवून केलेली मेझ आता बहुतेक ठिकाणी बायपोलर क्लॅम्प (भिंत जबड्यात धरून भाजणारा चिमटा) आणि क्रायोने (गोठवून) होते. पल्मनरी व्हेन्स (फुफ्फुसातून येणाऱ्या शिरा), बॉक्स (त्यांच्यामधली मागची भिंत), अपेंडेज यांच्या रेषा सगळेच शिकवतात. गुठळी असेल तर क्रॉस-क्लॅम्प (महाधमनीवरचा चिमटा) लागेपर्यंत हृदय हाताळू नका.

घात होतो तो मिट्रल इस्थमसवर (शिरा आणि मिट्रलचं कडं यांच्यामधल्या पट्टीवर). क्लॅम्पचा जबडा कड्याच्या अलीकडेच संपतो. रेषा पूर्ण दिसते, पण शेवटचे काही मिलिमीटर स्नायू जिवंत असतात. कोरोनरी सायनसच्या (कड्याबाहेरून जाणाऱ्या हृदयाच्या शिरेच्या) भिंतीतही स्नायू असतो, त्याला आतली रेषा पोचतच नाही. वीज तिथून वाट काढते आणि पेशंट मिट्रलभोवती फिरणारं फ्लटर (एट्रियमचे वेगवान ठोके) घेऊन परत येतो. अर्धवट रेषा मारण्यापेक्षा न मारलेली बरी. म्हणून क्रायो दोनदा: आतून कड्यावर आणि बाहेरून, त्याच रेषेसमोर, सायनसवर. नायट्रस ऑक्साइडचा प्रोब उणे ६० अंशांवर ३ मिनिटं ठेवा, बर्फ सुटेपर्यंत ओढू नका. त्याआधी अँजिओत सर्कमफ्लेक्स (तिथूनच जाणारी हृदयाची धमनी) बघा. राइट डॉमिनंट (हृदयाच्या मागच्या भागाला उजव्या धमनीचं रक्त) असेल तर रेषा पी२-पी३च्या (झडपेच्या मागच्या पाकळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागाच्या) सांध्यावर उतरवा. क्लॅम्पच्या जबड्यावरचा काळा थर दर वेळी ओल्या गॉजने पुसा. तो राहिला तर मशीन लवकर थांबतं आणि भिंत मधे कच्चीच राहते.

फक्त व्हेन्सभोवती रेषा मारून मोकळे होणारे सीनियर भेटतील. जुन्या रुमॅटिक एएफला तेवढं पुरत नाही. पेसिंग करून (बाहेरून वीज देऊन) रेषेवर ब्लॉक झाला का ते तपासणाऱ्याच्या हाताखाली शिका.

पहिल्या ३ महिन्यांत एएफ पुन्हा दिसला तर खचू नका, त्याला अपयश धरत नाहीत. जंक्शनल ऱ्हिदमही (एट्रियमऐवजी खालून सुरू होणारे संथ ठोके) बऱ्याचदा आपोआप जातो; पेसिंगच्या तारा काढायची घाई नको.

मेटल व्हॉल्व्हला वॉरफरिन किंवा असिट्रोमच (रक्त गोठू न देणाऱ्या जुन्या गोळ्या), त्याच कामाची नवी गोळी (डीओएसी) चालत नाही. मिट्रलला आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचं माप) २.५ ते ३.५. डिस्चार्जच्या वेळी घरच्यांना टाकळा, अळू, शेवग्याचा पाला यांबद्दल नीट सांगा. पावसाळ्यात हे एकदम ताटात वाढतं, व्हिटॅमिन ‘के’मुळे आयएनआर खाली येतो आणि झडप अडकू शकते. भाजी बंद करायला लावू नका. प्रमाण सारखं ठेवायला सांगा आणि पहिल्या पावसानंतर आयएनआर लवकर करून घ्या.