अरबी गाणं बाहेरच्या लोकांपर्यंत न्यायचंय? प्रोड्युसर म्हणून हे असं करा

बऱ्याच जणांना वाटतं अरबी म्युझिक करायचं म्हणजे दरबुका या हाताने वाजवायच्या ढोलाचा एक लूप टाकला, वर हिजाज या अरबी सुरावटीत सिंथ फिरवला, दोनदा हबीबी आलं की झालं काम. असले ट्रॅक पैशाला पासरी मिळतात. ज्याला हे करिअर म्हणून करायचंय, म्हणजे एका भाषेतलं गाणं ती भाषा न कळणाऱ्यांना ऐकवायचंय, त्याने आधी हे डोक्यात पक्कं करावं की यात गाण्याला कमी हात लावायचा असतो आणि गाण्याच्या आजूबाजूला भरपूर राबायचं असतं.

पहिलं म्हणजे एकच प्रदेश धरा. अरबी म्युझिक असं काही एक नसतंच, अल्जेरियाचा राय वेगळा, मोरोक्कोचं ग्नावा वेगळं, कैरोचं जुनं तरबवालं, म्हणजे ऐकणाऱ्याला तल्लीन करणारं गाणं वेगळं आणि आखातातलं खलीजी तर ठेक्यातच वेगळं. सगळ्यात थोडं थोडं जमवायला गेलात तर कुठलाच गायक तुम्हाला सिरियसली घेणार नाही. कैरो धरलंत तर गायिका उम्म कुल्थुमपासून सुरू करा, महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रेडिओवर तिची मैफल लागायची आणि एकेक गाणं तासभर चालायचं, कारण लोकांनी दाद दिली की ती तीच ओळ पुन्हा वेगळी करून घ्यायची. आपल्याकडे बैठकीत बसून ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, तिथे आपण पुढे आहोत खरं तर. रेडिओसाठी तीन मिनिटांचा कट नंतर करता येतो, आधी पूर्ण लांबीचं गाणं कानात बसवा.

आता स्टुडिओ, आणि इथेच जास्त लोक आपटतात. मकाम म्हणजे आपल्या रागासारखी अरबी सुरावट, त्यातला बयाती घ्या. डी पासून सुरू केलात तर दुसरा स्वर ई आणि ई फ्लॅटच्या मधला, म्हणजे डी ला सा मानलं तर रे कोमलही नाही आणि शुद्धही नाही. साध्या कीबोर्डवर तो स्वरच नाही. अरेंजर कीबोर्डला स्केल ट्यूनिंग असतं, त्यात प्रत्येक ई ५० सेंट, म्हणजे पाव स्वर, खाली घ्या, सॉफ्टवेअरमध्ये पण ही सोय मिळते. पण ते ५० म्हणजे फक्त सुरुवात, इजिप्तचा वादक तो स्वर एका जागी लावेल आणि सीरियाचा किंचित दुसरीकडे, म्हणून आधी औद हे तंतुवाद्य वाजवणाऱ्याला वाजवायला सांगा आणि त्याच्या स्वरावर तुमचं ट्यूनिंग आणा, त्याला तुमच्या ट्यूनिंगवर आणू नका. गायकाच्या ट्रॅकवर ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर, क्रोमॅटिकवर (कीबोर्डच्या बारा स्वरांवर) राहिला असेल तर तो त्या स्वराला ओढून वर नाहीतर खाली चिकटवतो, आणि मिक्समध्ये सगळं सुरात असूनही गाणं मेल्यासारखं का वाटतंय ते कळत नाही. तो बंदच ठेवा.

कॉर्ड्सचं पण तेच. त्या मधल्या स्वराखाली गिटारचा डी मायनर टाकलात की तो बिचारा बेसूर ठरतो. नुसता डी आणि ए धरून ठेवा, तेवढं पुरतं. पियानोच्या कॉर्ड्स हव्याच असतील तर नहावंद, कुर्द किंवा हिजाजमधलं गाणं निवडा, त्यात पाव स्वराची भानगड सहसा नसते, क्रॉसओव्हर गाणी बरीचशी याच मकामांत का सापडतात त्याचं एक कारण हेच. आपल्या बसंत मुखारीला हिजाज भैरव म्हणतात, त्यामुळे हिजाज तर ऐकल्या ऐकल्या ओळखीचा वाटेल.

रेकॉर्डिंग करताना औद, कानून (संतूरसारखं तंतुवाद्य), नाय (बासरी), व्हायोलिन, रिक (डफ) हे सगळे एका खोलीत बसवा. ते एकच चाल वाजवतात पण प्रत्येकाच्या हरकती वेगळ्या आणि त्या एकमेकांना ऐकून सुचतात. क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठोक्यावर, एकेकाला वेगळं रेकॉर्ड केलंत तर ते सगळे शाळेतल्या प्रार्थनेसारखे एका सुरात वाजवून जातील. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकात येतो तर येऊ द्या.

दोन संस्कृती एकत्र आणायच्या तर कसं, याची चांगली उदाहरणं आहेत. अल्जेरियातल्या ओरानचा राय गायक खालेद, त्याचं १९९२ चं दीदी अमेरिकन प्रोड्युसर डॉन वॉजने केलं, ग्रूव्ह बदलला पण गळ्याला हात लावला नाही, आणि एक शब्द न कळता ते भारतभर वाजलं. १९९८ मध्ये पॅरिसच्या बर्सी हॉलमध्ये खालेद, रशीद ताहा आणि फोदेल हे तीन गायक एकाच स्टेजवर आले तेव्हा म्युझिकची सूत्रं ब्रिटिश गिटारिस्ट स्टीव्ह हिलेजकडे होती. आणि मार्केटिंग कसं करायचं ते शिकायचं तर ब्रिटिश गायक स्टिंग आणि अल्जेरियाच्या शेब मामीचं डेझर्ट रोज बघा. अल्बम १९९९ चा, पण गाणं अमेरिकेत चाललं ते २००० मध्ये जॅग्वार गाडीच्या जाहिरातीत आल्यावर. स्टिंगचा मॅनेजर माइल्स कोपलंडने जॅग्वारकडून फी मागितलीच नाही, त्याऐवजी जाहिरातच गाण्याची जाहिरात वाटेल अशी करून घेतली. मला वाटतं पूर्ण करिअरमध्ये असा एक सौदा जमला तरी बास.

हक्कांचं प्रकरण कंटाळवाणं आहे पण ते सोडू नका. इजिप्तचा संगीतकार बलीग हमदीने १९५७ मध्ये गायक अब्देल हलीम हाफेजसाठी खुसारा नावाचं गाणं बांधलं. त्याची धून अमेरिकन प्रोड्युसर टिंबलँडने १९९९ मध्ये रॅपर जे-झीच्या बिग पिंपिनमध्ये वापरली, २००१ मध्ये ईएमआय अरेबिया या लेबलला एक लाख डॉलर दिले, तरी २००७ मध्ये हमदीच्या वारसाने केस टाकली, कारण इजिप्तच्या कायद्यात पैसे घेऊनही कलाकृतीची मोडतोड होऊ नये हा लेखक-संगीतकाराचा हक्क शिल्लक राहतो असं त्याचं म्हणणं. २०१५ मध्ये कोर्टाने जे-झीच्या बाजूने निकाल दिला आणि २०१८ मध्ये अपिलातही तोच टिकला, पण अकरा वर्षं वकिलांची फी कोण भरणार? तुम्ही छोटे आहात, म्हणून संगीतकार, गीतकार आणि रेकॉर्डिंगचा मालक या तिघांची लेखी परवानगी वेगवेगळी घ्या, आणि त्यात चाल बदलायची, शब्द बदलायचे, जाहिरातीला द्यायची असं एकेक स्पष्ट लिहून घ्या. माग्रेबचे, म्हणजे मोरोक्को-अल्जेरिया-ट्युनिशियाकडचे, पुष्कळ संगीतकार फ्रान्सच्या सासेम या संगीतहक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे रजिस्टर असतात, तर शोध तिथून सुरू करा. पारंपरिक गाणं आहे असं कोणी म्हणालं की लगेच खूश होऊ नका, चाल पारंपरिक असली तरी समोरची अरेंजमेंट कोणाची तरी असते.

मग काम कुठे मिळतं? वर्ल्ड म्युझिक हा खण मुळात १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये छोट्या लेबलवाल्यांनी दुकानातल्या फळीसाठी ठरवला, त्यामुळे तो फार मनावर घेऊ नका, पण बाजार अजून त्याच्याभोवतीच भरतो. १९९४ पासूनचं वोमेक्स, २०१४ पासून रबातला भरणारं व्हिसा फॉर म्युझिक, इथे फेस्टिव्हलवाले, एजंट, लेबलवाले एकाच जागी भेटतात. अल्बम घेऊन फिरण्यापेक्षा लाइव्ह वाजवतानाचा एक नीट व्हिडिओ ठेवा, बुकिंग करणारा माणूस तोच बघतो. आपल्याकडे जोधपूरचा रिफ फेस्टिव्हल आहे, तिथे बाहेरचे कलाकार राजस्थानच्या लंगा-मांगणियार लोककलाकारांबरोबर वाजवतात. दुबई-मस्कतला नातेवाईक असणं मराठी घरात नवीन नाही, तर तिकडे गेलात की मॉल कमी फिरा आणि एखाद्या लग्नातला बँड ऐका.

ऑनलाइन टाकताना नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. अरबी नाव रोमन लिपीत चार प्रकारे लिहितात, मग चार आर्टिस्ट पेज तयार होतात आणि आकडे विखुरतात. अरबी लिपीतलं नाव पण भरा, अंघामी या अरबी म्युझिक ॲपवर लोक त्याच लिपीत शोधतात.

तारखा ठरवताना रमजान बघा, त्या महिन्यात कॉन्सर्ट जवळपास थंडावतात आणि गाणी ईदच्या तोंडावर येतात. दरवर्षी तो साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो, तर मागच्या वर्षीचं कॅलेंडर कॉपी मारू नका. अमेरिकेचा दौरा असेल तर पारंपरिक कलाकारांसाठी पी-३ व्हिसा असतो, त्याची फाइल कित्येक महिने आधी लावा, आणि पूर्ण बँडचा व्हिसा हातात येईपर्यंत हॉलला नॉन-रिफंडेबल ॲडव्हान्स देऊ नका. कानूनवाला अडकला तर त्या गावात दुसरा मिळत नाही.