विमा एजंट व्हावे का? निर्णयापूर्वी करून पाहण्याची तपासणी

विमा एजंटाच्या व्यवसायाला भवितव्य आहे का, असे विचारणाऱ्याला सहसा दोनच उत्तरे मिळतात. एजंटांची भरती करणारा अधिकारी सांगतो की माणसाला विम्याची गरज कधीच संपणार नाही; संगणकक्षेत्रातला मित्र सांगतो की हे काम लवकरच यंत्र करू लागेल. दोन्ही उत्तरे निर्णयाच्या उपयोगाची नाहीत, कारण दोघांनीही एजंटाचे काम ही एकच अखंड वस्तू आहे असे धरलेले असते. प्रत्यक्षात त्यात आठ-दहा निरनिराळी कामे एकत्र बांधलेली आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाचे भवितव्य वेगळे आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील कार्ल फ्राय आणि मायकेल ऑस्बर्न यांनी २०१३ मध्ये ७०२ व्यवसाय संगणकाच्या हाती जाण्याची शक्यता मोजली, तेव्हा विमा विकणाऱ्या एजंटापुढे ९२ टक्के हा आकडा आला होता. त्यानंतर दशक उलटले तरी एजंट आहेतच. मात्र त्यावरून निश्चिंत होणेही चुकीचे ठरेल. तो अभ्यास तंत्राच्या दृष्टीने काय शक्य आहे हे सांगत होता, ते केव्हा घडेल हे सांगत नव्हता. शिवाय व्यवसायाचा एखादा भाग पूर्णपणे निघून जाऊ शकतो, याचा दाखला त्याआधीच मिळालेला होता. ब्रिटनमध्ये १९८५ साली ‘डायरेक्ट लाइन’ या कंपनीने वाहन विमा एजंटाला वगळून दूरध्वनीवरून विकायला सुरुवात केली आणि २००२ मध्ये ‘कन्फ्यूज्ड डॉट कॉम’ या संकेतस्थळाने अनेक कंपन्यांचे दर एकाच पडद्यावर आणले. तिथे नवशिक्या एजंटाने आज केवळ खासगी मोटारीच्या विम्यावर संसार उभा करण्याचे ठरवले, तर त्याला कोणीही जाणता माणूस थांबवील.

म्हणून पहिले पाऊल असे. कामात मुरलेल्या एखाद्या एजंटाबरोबर आठवडाभर बसण्याची परवानगी मिळवावी आणि तो दिवसभरात काय काय करतो ते जसेच्या तसे लिहून काढावे. नंतर प्रत्येक कामापुढे एवढेच नोंदवावे की ग्राहकाला हे स्वतःच्या फोनवर करता आले असते का. दर काढून देणे, अर्जात नाव-पत्ता भरणे, हप्त्याची आठवण करणे, पॉलिसीची प्रत पाठवणे, नॉमिनी बदलणे ही कामे बहुतेक ठिकाणी आधीच एजंटाच्या हातून सुटलेली दिसतील. पॉलिसीतील कलमांचा अर्थ सांगणे हे कालपर्यंत सुरक्षित वाटणारे कामही आता संवाद साधणारी संगणकप्रणाली बऱ्यापैकी करते, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. ज्या एजंटाचा दिवस मुख्यतः या कामांत जातो, त्याच्या आजच्या उत्पन्नाकडे पाहून भुलू नये.

ग्राहकाने न विचारलेला प्रश्न विचारणे हे मात्र अजून उरलेले आहे. एक उदाहरण घेऊ. एखाद्याच्या गोदामातील मालाची खरी किंमत १०० असताना त्याने हप्ता वाचवण्यासाठी ६० चाच विमा घेतला आणि आगीत २० चा माल जळाला. त्याला वाटते की नुकसान ६० च्या आतच आहे, तेव्हा पूर्ण २० मिळतील. पण मालमत्तेच्या बहुतेक पॉलिसींत विमा कमी घेतल्यास भरपाईही त्याच प्रमाणात कमी करण्याचे कलम असते, त्यामुळे त्याच्या हाती १२ च येतात. हे कलम छापील पॉलिसीत असते, संकेतस्थळावरही सापडते; परंतु साठवण कमी-जास्त होणाऱ्या हंगामात येऊन गोदाम डोळ्यांनी पाहणारा आणि ‘हा आकडा पुरणार नाही’ असे आधीच बजावणारा माणूस दुर्मीळ असतो. आरोग्य आणि जीवन विम्यातही तसेच आहे. जुने दुखणे ‘किरकोळ आहे’ म्हणून प्रस्ताव अर्जात न लिहिणाऱ्या ग्राहकाला ते लिहायला लावणे, त्यामुळे हप्ता वाढला किंवा प्रस्ताव नाकारला गेला तरी ते स्वीकारणे, हे त्या दिवसाच्या कमिशनच्या विरुद्ध जाणारे काम आहे. तेच पुढे दावा मंजूर होण्याचे कारण ठरते.

दाव्याचे काम तर बाहेरून पाहणाऱ्याला दिसतच नाही. मृत्यूनंतर घरातील माणसांना कोणते कागद लागतील, नुकसान मोजणारा सर्व्हेअर येण्यापूर्वी जळालेला माल हलवावा की नाही, नाकारलेल्या दाव्यावर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि मग विमा लोकपालाकडे कसे जायचे, हे ज्याला तोंडपाठ आहे त्याचा फोन वर्षानुवर्षे वाजत राहतो. साधे, निर्विवाद दावे यंत्र काही मिनिटांत निकाली काढील आणि ते चांगलेच आहे. एजंटाकडे येतील ते गुंतागुंतीचे, आणि त्यासाठी त्याला आजच्यापेक्षा अधिक जाणकार व्हावे लागेल.

दुसरे पाऊल म्हणजे शाखा निवडणे. ज्या विम्यात वस्तू प्रमाणित आहे आणि ग्राहक फक्त दर पाहतो, तिथे नवख्याने जाऊ नये. खासगी वाहन आणि प्रवास विमा हे त्यातले ठळक प्रकार. केवळ मृत्यूनंतर रक्कम देणारा साधा टर्म विमाही हळूहळू त्याच वाटेने चालला आहे, पण एक फरक आहे. मोटारीचा विमा बहुतेक ठिकाणी कायद्याने घ्यावाच लागतो. स्वतःच्या मृत्यूचा विचार करायला मात्र कोणी आपणहून बसत नाही, आणि तो करायला लावणाऱ्याची जागा त्यामुळे शिल्लक राहते. आरोग्य विम्यात दावे वारंवार येतात, म्हणून नातेही टिकते. माझ्या मते सर्वांत टिकाऊ संधी लहान आणि मध्यम उद्योगांच्या विम्यात आहे: आग, यंत्रबिघाड, माल वाहतूक, कामगारांची भरपाई, तिऱ्हाइताचे दायित्व, सायबर हल्ला. दोन कारखाने एकसारखे नसतात आणि मालकाला स्वतःची जोखीम मोजायला वेळ नसतो. अडचण एवढीच की हे शिकायला दोन-तीन वर्षे जातात आणि तेवढा काळ उत्पन्न तुटपुंजे असते, म्हणूनच या बाजूला गर्दी कमी आहे.

आता मिळकतीचे गणित, ज्याकडे उमेदवार सर्वांत कमी लक्ष देतात. भरतीच्या सभेत पहिल्या वर्षाच्या कमिशनचा टक्का मोठ्या अक्षरांत दाखवला जातो. खरा व्यवसाय मात्र नूतनीकरणावर उभा असतो, आणि पॉलिसी किती टिकतात यावर त्याची उंची ठरते. समजा, दोन एजंट दरवर्षी प्रत्येकी ६० नव्या पॉलिसी करतात. पहिल्याच्या १०० पॉलिसींपैकी ८० पुढच्या वर्षी चालू राहतात, दुसऱ्याच्या ९५. पाच वर्षांनी पहिल्याकडे सुमारे २०० आणि दुसऱ्याकडे सुमारे २७० चालू पॉलिसी असतील, म्हणजे फरक डोळ्यांत भरणारा नाही. दहा वर्षांनी हेच आकडे सुमारे २७० आणि ४८० होतात. त्यापुढे पहिला एजंट जवळजवळ जागीच थांबतो, कारण ३०० पॉलिसी झाल्या की त्यातल्या ६० दरवर्षी बंद पडतात आणि तो तेवढ्याच नव्या आणतो. ती त्याची मर्यादा आहे आणि कितीही वर्षे राबले तरी ती ओलांडता येत नाही. दुसऱ्याची मर्यादा १२०० आहे. मेहनत सारखी, उत्पन्नाची दिशा वेगळी. गळ्यात मारलेली पॉलिसी बहुधा दुसऱ्या हप्त्याला बंद पडते, तेव्हा हा केवळ नीतीचा प्रश्न राहत नाही.

हे गणित स्वतःच्या आकड्यांनी करून पाहावे. कंपनीच्या ज्या कार्यालयात किंवा एजन्सीत जायचे आहे तिथल्या पॉलिसींपैकी तेराव्या महिन्यात किती चालू असतात आणि एकसष्टाव्या महिन्यात किती, हे थेट विचारावे. हे प्रमाण कंपन्या मोजत असतात. ते सांगायला टाळाटाळ झाली, तर ते उत्तरच समजावे. दुसरी बाब अशी की जीवन विम्यात पहिल्या वर्षाचे कमिशन मोठे आणि पुढचे लहान असते, तर दरवर्षी नव्याने घ्याव्या लागणाऱ्या मालमत्ता किंवा आरोग्य विम्यात ते वर्षागणिक फारसे घटत नाही. त्यामुळे पहिल्या प्रकारात सुरुवात जोरात होते आणि दमछाक लवकर होते. दुसऱ्यात याच्या उलट.

यंत्राइतकाच मोठा धोका कायद्यातील बदलाचा आहे आणि त्याची चर्चा फार थोडे लोक करतात. ब्रिटनने ३१ डिसेंबर २०१२ पासून सामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या गुंतवणूक उत्पादनांच्या सल्ल्यावरील कमिशन बंद केले. निव्वळ संरक्षण देणारा विमा त्यातून वगळला होता. नेदरलँड्सने दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १ जानेवारी २०१३ पासून, आपली बंदी जीवन विम्यालाही लागू केली. ऑस्ट्रेलियाने जीवन विम्याच्या पहिल्या वर्षाच्या कमिशनला १ जानेवारी २०२० पासून हप्त्याच्या ६० टक्क्यांची मर्यादा घातली आणि पॉलिसी पहिल्या दोन वर्षांत बंद पडल्यास कमिशन परत घेण्याची तरतूद केली. भारताने १ एप्रिल २०२३ पासून वेगळी वाट धरली: प्रत्येक उत्पादनाच्या कमिशनवर स्वतंत्र मर्यादा ठेवण्याऐवजी कंपनीच्या एकूण खर्चालाच मर्यादा घातली. दिशा सर्वत्र एक नाही, पण गुंतवणुकीशी जोडलेल्या विम्यावरील भरघोस कमिशन हा सर्वांत डळमळीत पाया आहे, एवढे यावरून नक्की म्हणता येते. ज्याचे निम्म्याहून अधिक उत्पन्न त्यावर उभे राहणार असेल, त्याने ते एका रात्रीत निम्मे झाल्यास काय करणार, हे आजच लिहून ठेवावे. ग्राहकाकडून सल्ल्याचे उघड शुल्क घेऊन काम करता येईल एवढी आपली योग्यता आहे का, हा त्याच प्रश्नाचा दुसरा चेहरा आहे.

करारावर सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी मिळवाव्यात. काम सोडल्यावर किंवा मृत्यू झाल्यावर नूतनीकरणाचे कमिशन चालू राहते का आणि किती वर्षांच्या सेवेनंतर? पॉलिसी बंद पडल्यास घेतलेले कमिशन परत द्यावे लागते का? ग्राहकांची यादी कोणाची मानली जाते? एकाच कंपनीचे उत्पादन विकण्याचे बंधन आहे की अनेक कंपन्यांची तुलना करून देता येते? यांतील शेवटचा प्रश्न भवितव्याशी थेट जोडलेला आहे. ग्राहक स्वतः दहा कंपन्या पडद्यावर पाहून येतो, तेव्हा एकाच कंपनीच्या एजंटाला त्याच्याशी बोलण्यासारखे फार थोडे उरते. सुरुवातीचे प्रशिक्षण आणि आधार एका कंपनीकडून घ्यावा आणि पुढे ब्रोकरकडे किंवा अनेक कंपन्यांच्या वितरकाकडे जाण्याचा रस्ता मोकळा ठेवावा, हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

परवाना परीक्षेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ती बहुतेक ठिकाणी अवघड नसते आणि म्हणूनच ती उत्तीर्ण होण्याने काही सिद्ध होत नाही. त्यापुढची व्यावसायिक पात्रता मात्र गंभीरपणे घ्यावी, विशेषतः उद्योगांच्या विम्यात जायचे असेल तर.

शेवटी स्वतःची चाचणी, आणि ती चालू नोकरी न सोडता करावी. नियम परवानगी देत असतील तर सहा महिने अर्धवेळ काम करावे आणि दोन वह्या ठेवाव्यात. एकीत नातेवाईक, मित्र आणि जुने सहकारी. दुसरीत ज्यांच्याशी आधीची ओळख नव्हती असे लोक. पहिल्या वहीतील पॉलिसी हिशेबात अजिबात धरू नयेत, कारण ती माणसे संपतात आणि त्यांच्यावरून बाजाराचा काहीच अंदाज येत नाही. अनेक एजंट पहिल्या वर्षी चमकतात आणि दुसऱ्या वर्षी दिसेनासे होतात, त्यामागे बहुतेक वेळा हीच पहिली वही असते. दुसऱ्या वहीत मात्र सर्व नोंदी ठेवाव्यात: किती जणांना भेटलो, किती जणांनी दुसऱ्यांदा भेटायला बोलावले, किती जणांनी नकार देताना कारण सांगितले, आणि किती जणांनी आपणहून दुसऱ्या कोणाचे नाव सुचवले. सहा महिन्यांत या शेवटच्या रकान्यात एकही नाव आले नाही, तर पूर्णवेळ येण्याची घाई करू नये. ती नावे येऊ लागली, तरी किमान दीड वर्षाचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत थांबावे. तंगीत असलेला एजंट ग्राहकाला ‘ही पॉलिसी तुमच्या उपयोगाची नाही’ असे सांगू शकत नाही.

त्याच सहा महिन्यांत, शक्य असेल तर, एक तरी दावा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एखाद्या अनुभवी एजंटाच्या बरोबरीने हाताळावा. कागद गोळा करताना, कंपनीच्या कार्यालयात ताटकळताना, दुःखात असलेल्या घरात बसून तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारताना आपल्याला कंटाळा येतो की यातच काही करता येईल असे वाटते, हे त्या दिवशी घरी परतल्यावर दुसऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे.