सीडीचं वेगळं वेष्टन: छपाईआधी डमी (नमुना) करा
ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहातल्या कार्यक्रमानंतर विकायला स्वतःचा अल्बम काढताय? मग प्लॅस्टिकच्या डबीऐवजी खणाचं कापड लावलेलं किंवा कंदिलासारखं उलगडणारं वेष्टन जरूर करा. लोक ते जपून ठेवतात. पण सीडी १२० मिमी व्यासाची असते. आतला कप्पा किमान १२५ मिमीचा ठेवा, नाहीतर ओढून काढताना ओरखडे पडतील. आणि खरी नाजूक बाजू छापील असते! तिथे चमकदार थरावर फक्त लॅकरचा (रोगणाचा) पातळ लेप आणि शाई असते, म्हणून खरखरीत कापड किंवा उघडा पुठ्ठा तिला लागू देऊ नका. आत मऊ न-विणलेल्या कापडाची पिशवी हवीच. सीडीवर स्टिकर चिकटवू नका, फिरताना तोल जातो.

पुठ्ठा ३०० जीएसएमच्या (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा घ्या. तो दोन्ही दिशांनी वाकवून बघा. जिकडे सहज वाकतो, मुख्य घडी त्याच दिशेने घाला, म्हणजे कडेला शाई तडकत नाही. ठाण्याच्या पावसाळी दमटपणात पुठ्ठा वाकडा होतो, तेव्हा दोन्ही बाजूंच्या मॅट लॅमिनेशनवर (चमक नसलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ थरावर) पैसे खर्च कराच. एक डमी बनवून तीत सीडी घाला, पन्नासेक वेळा काढा-घाला, मगच छापखान्यात फाइल पाठवा.